आत्याचं घर आणि ‘बोलवा’चं बटण

आधीच सांगून टाकते, मला आमच्या बेटावरून राजधानीला, सान्तियागोला, जायचंच होतं. शाळकरी मुलांच्या ॲप स्पर्धेची फायनल तिथे होती आणि त्यासाठी माझ्या मैत्रिणीनं, मिलारायनं, आणि मी डोळे फोडून गावाला मदतीला बोलावणारं ॲप बनवलं होतं. एकच नियम आडवा येत होता. ॲपनं निदान एक खरं काम करून दाखवायचं.

काम तर घरातच होतं. ओर्फेलिना आत्याचं लाकडी घर कड्याच्या टोकाला आलेलं, खालची माती दर वादळात ढासळत होती. ते ओढून टेकडीवर न्यायचं म्हणजे मिंगा घालायला हवा: घराखाली ओंडके, पुढे बैलजोड्या, बाजूला अख्खं गाव, आणि शेवटी सगळ्यांना पोटभर जेवण. आमच्या ॲपात त्यासाठी ‘बोलवा’ नावाचं ऐटदार हिरवं बटण होतं. मी ते दाबलं आणि घरोघरी निरोप गेला.

“आता बघ मजा,” मी मिलारायला म्हटलं.

मजाच झाली! सगळ्यांनी वाचलं आणि एकानंही उत्तर दिलं नाही. शेवटी चिडून मी बेलार्मिनोकाकांकडे गेले. बेटावरची सगळ्यात दणकट बैलजोडी त्यांची.

“काका, निरोप मिळाला नाही का?”

“मिळाला की.” काका चुलीशी बसून नळीनं कडू चहा ओढत होते. “बैलांनाही वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत.”

“चेष्टा काय करता!”

“चेष्टा तू केलीस, पोरी. गरज आत्याची, आणि मागायला आला कोण, तर टिंग वाजणारा फोन! माझी आई मिंगा मागायला भर पावसात दारोदार जायची. बसायची, कोंबड्यांची चौकशी करायची, मग शब्द काढायची. समोर बसलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही गं. टिंगला काय, कुणीही नाही म्हणेल.”

माझं तोंड एवढंसं झालं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. स्पर्धेच्या नादात मीच विसरले, आणि स्वतःचा असा संताप आला की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी आत्याचा हात धरून निघाले. आत्याचे गुडघे कुरकुरत होते, पण ती एकही दार सोडायला तयार नव्हती. प्रत्येक घरी आधी बोलणी खाल्ली, मग बटाट्याच्या पोळ्या खाल्ल्या, मग होकार घेतला. तिकडे मिलारायनं ते बटण काढून टाकलं आणि ॲपला दुसरं काम लावलं: हो म्हटलेल्यांपैकी बैल कोण आणणार, दोर कोण, बटाटे कोण. मागच्या मिंग्याला बटाट्यांचा डोंगर आला होता आणि दोर मात्र एकच.

शनिवारी सगळं गाव आलं. दोर पुरले, बैल पुरले. बेलार्मिनोकाका ओरडून ओरडून घसा बसवून बसले, आणि आत्याचं घर करकरत, डुलत, टेकडीवर चढलं. मी आनंदानं नाचले.

सोमवारी परीक्षकबाई शाळेतल्या संगणकाच्या पडद्यावर आल्या. आम्ही पाठवलेला मिंग्याचा व्हिडिओ बघून खूश झाल्या.

“ॲपच्या बोलावण्यावरून यातले किती लोक आले?”

मिलारायनं टेबलाखालून मला लाथ घातली. सगळे, असं सांग म्हणून. माझ्या जिभेवर आलंही होतं.

“एकही नाही,” मी म्हटलं, आणि काय घडलं ते सगळं सांगितलं.

“पण बोलावणं हाच तर तुमच्या ॲपचा मुख्य भाग होता,” त्या म्हणाल्या. “ते बटण उद्यापर्यंत परत घाला. नाहीतर त्या भागाला मला शून्य द्यावं लागेल.”

“द्या शून्य. ते बटण घातलं तर आमच्या बेटावर ॲपला कुणी हात लावणार नाही. मीसुद्धा नाही.”

फायनल हुकली. खोटं कशाला बोलू, ढसाढसा रडले. आत्याच्या स्वयंपाकघरात बसूनच रडले. मिलाराय शेजारी बसून नाक ओढत होती.

आत्यानं चुलीत लाकूड सारलं. “रडा गं, मनसोक्त रडा. गेल्या आठवड्यात या खुर्च्यांवर बसून एवढं गदागदा हलून रडला असतात, तर तिघी खुर्च्यांसकट समुद्रात गेलो असतो.”

रडता रडता मला हसू फुटलं. डोळे पुसले आणि मिलारायला म्हटलं, “पुढल्या वर्षीही हेच ॲप पाठवायचं. बटणाशिवाय.”