मागच्या बाकावरचा नवरा

विज्ञानाच्या सरांना शाळेत सगळे पाठीमागे ‘दुरुस्तीवाले’ म्हणत, आणि म्हणणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. या गृहस्थांना दुसऱ्याची चूक म्हणजे दातात अडकलेली शेंगेची शीर. काढल्याशिवाय चैन नाही. कुणी मंगळवार म्हणालं आणि तो बुधवार असला, की यांची जीभ वळवळलीच समजा. आणि बायको बोलत असली की मग तर विचारूच नका. सख्ख्या बहिणीकडे जेवायला गेले असोत नाहीतर दवाखान्यात बसलेले असोत, ती काही सांगायला लागली की हे मध्येच, ‘‘तसं नाही गं, आधी दिवे गेले, मग वारा सुटला.’’ झालं. तिची गोष्ट तिथेच आडवी.

बायको त्याच शाळेत गणित शिकवायची. शाळेतून दरवर्षी एका शिक्षकाला वर्षभराच्या प्रशिक्षणाला पाठवत. तिथून परत आलेला माणूस पुढे इतर शिक्षकांना शिकवायला शाळाशाळांत जायचा. बाईंचा जीव त्यात अडकला होता. पहिल्या खेपेला अर्ज केला, तेव्हा नेमक्या सासूबाई पाय मोडून अंथरुणाला खिळल्या. दुसऱ्या खेपेला सगळ्या शिक्षकांसमोर उभं राहून बोलायचं होतं. बाई छान बोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, वर्गाचा निकाल पंचावन्न टक्क्यांवरून वर आला, आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, ‘‘सत्तावन्न.’’

आवाज कुणाचा, हे सांगायला हवं का? लोक खो खो हसले. बाईंचं पुढचं वाक्य हरवलं ते हरवलंच. जागा दुसऱ्याला गेली, आणि नंतरचा आठवडाभर घरात फक्त मुलगी बोलत होती.

आता तिसरी खेप, आणि हीच शेवटची. पुढच्या वर्षी बाई वयाच्या अटीत बसत नव्हत्या. या वेळी भाषण नव्हतं, पाठ घेऊन दाखवायचा होता. वर्गात मागे बाहेरून आलेले प्रशिक्षक बसणार आणि त्यांच्या शेजारी शाळेतलाच एक शिक्षक निरीक्षक म्हणून. निरीक्षकाने फक्त बघायचं. त्याने शिकवणाऱ्याला एका शब्दाची किंवा खुणेची जरी मदत केली तरी पाठ बाद.

निरीक्षक म्हणून भाषेच्या बाई ठरल्या होत्या. सकाळी त्यांचा फोन आला, अंगात ताप आहे, उठवत नाही. त्या तासाला मोकळं कोण? मुख्याध्यापिकांनी वेळापत्रकावर बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला.

‘‘नवरा-बायको आहेत हो हे,’’ त्या प्रशिक्षकांना म्हणाल्या. ‘‘चालेल?’’

‘‘गप्प बसणारा कुणीही चालेल,’’ प्रशिक्षक म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी सरांकडे असं बघितलं की सरांची मान आपोआप खाली गेली.

वर्गाच्या दाराशी बाईंनी त्यांना गाठलं. हातातली खडूंची डबी त्या उगाचच उघडत-मिटत होत्या. ‘‘अहो, ऐका. आज तोंडात मिठाची गुळणी धरा. वर्ग पेटला तरी बोलायचं नाही.’’

‘‘अगं, मी काय लहान आहे का?’’

‘‘लहान असता तर दटावलं असतं,’’ बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सर शेवटच्या बाकावर बसले. बाक पोरांच्या मापाचा, त्यामुळे गुडघे वर फळीला टेकत होते. शेजारी प्रशिक्षक, मांडीवर वही, हातात पेन. सरांनी हाताची घडी घातली आणि मनाशी शपथ घेतली.

पाठ त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा होता. बाईंनी प्रत्येकाला एक आयत दिला होता, जाड कागदाचा, आठ सेंटिमीटर लांब आणि पाच रुंद. मुलांनी आधी त्याचं क्षेत्रफळ काढलं, चाळीस. मग तो कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कापला. कात्र्या करकरल्या, दोन दोन त्रिकोण झाले, एकावर एक ठेवून बघितले, तंतोतंत बसले. वर्ग रंगला होता. प्रशिक्षकांचं पेन भराभर चालत होतं. सरांना मनातल्या मनात वाटलं, वा! काय शिकवते ही. एवढ्या वर्षांत आपण हिला शिकवताना कधी बघितलंच नव्हतं.

मग बाई फळ्याकडे वळल्या. मोठा त्रिकोण काढला. पाया आठ, उंची पाच. आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: आठ गुणिले पाच, बरोबर चाळीस.

मागच्या बाकावर सर ताठ झाले. अगं, निम्मं कर! निम्मं करायचं राहिलं!

गणिताच्या बाईंनी, त्रिकोणाचं क्षेत्रफळ, तेही आजच्या दिवशी! घाबरल्यावर माणूस स्वतःच्या घराचा पत्तासुद्धा विसरतो, त्यातलाच प्रकार. बाई वळल्या. ‘‘पटतंय का?’’

‘‘हो बाई!’’ सगळा वर्ग एका सुरात. पटो न पटो, हो म्हणायची पोरांना सवयच असते मेली.

प्रशिक्षकांचं पेन थांबलं. त्यांनी फळ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. सरांच्या घशाशी तो शब्द येऊन बसला होता. निम्मं. एवढासा शब्द. बोलावा तर पाठ बाद आणि गिळावा तर बायकोची सगळ्यांसमोर शोभा. खोकावं का? नको, खोकलाही खूणच. त्यांनी पेनाचं टोपण दातांत धरलं आणि कचकन चावलं.

तेवढ्यात बाईंची नजर मागच्या बाकावर आली. क्षणभरच. सरांनी चेहरा दगडासारखा केला, निदान त्यांना तरी तसं वाटलं. बाईंनी फळ्याकडे बघितलं. डस्टरकडे हात गेला.

आणि थांबला.

खिडकीजवळ एक अबोल मुलगी बसली होती. ‘हो बाई’ म्हणताना तिचे ओठ हलले नव्हते. तिच्या हातात दोन्ही त्रिकोण होते. ती ते जोडत होती, पुन्हा वेगळे करत होती, फळ्याकडे बघत होती. बाईंनी हात मागे घेतला आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. कुणाचा तरी बाक कुरकुरला. सरांच्या कानशिलांवरून घाम ओघळला. अगं पूस की! कुणाची वाट बघतेस? प्रशिक्षकांनी घड्याळ बघितलं. सरांना वाटलं, संपलं, गेली जागा, या खेपेलाही गेली.

मुलीचा हात अर्धवट वर आला. ‘‘बाई...’’

‘‘बोल.’’

‘‘बाई, अख्ख्या कागदाचं चाळीस आलं होतं. मग अर्ध्या कागदाचंही चाळीस कसं?’’

वर्गात कुजबुज उठली, मग गलका. सगळे आपापले त्रिकोण उचलून बघायला लागले. बाईंनी खडू त्या मुलीच्या हातात दिला. तिने फळ्यावर चाळीसवर काट मारली आणि खाली वीस लिहिले. तिचा हात फळ्याला पुरत नव्हता, म्हणून वीस जरा तिरके आले. सरांनी टोपण तोंडातून काढलं, त्याचे दोन तुकडे झाले होते.

तास संपला, मुलं मैदानावर गेली. प्रशिक्षकांनी वही मिटली. ‘‘बाई, ती चूक मुद्दाम केली होती का?’’

हो म्हण, सर मनात ओरडले. हो म्हणून मोकळी हो, कुणाला कळणार आहे!

‘‘नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘चुकलंच माझं.’’

‘‘लक्षात कधी आलं?’’

‘‘लगेचच. पुसणार होते. पण ती मुलगी कागद जोडून बघत होती. वर्षभरात तिने वर्गात तोंड उघडलेलं नाही. मी पुसलं असतं, तर आजही उघडलं नसतं.’’

प्रशिक्षकांनी बराच वेळ चष्मा पुसला. ‘‘चूक झाल्यावर गप्प उभं राहणं कठीण असतं,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्याकडे तेच शिकवायला अख्खं वर्ष जातं. चला, तयारीला लागा. जागा तुमची.’’

मुख्याध्यापिकांना सांगायला ते बाहेर गेले. वर्गात दोघंच उरले. सर बाकातून उठायला गेले तर गुडघे आखडलेले. बाईंनी हात दिला.

‘‘मला वाटलं, तुला चूक दिसलीच नाही,’’ सर म्हणाले.

‘‘तुमच्या तोंडाकडे बघून कळलं. घरी चेहरा असा झाला की मी काहीतरी चुकलेली असते.’’

‘‘म्हणजे मी नियम मोडला?’’

‘‘तुम्ही कुठे काही केलंत? तो चेहराच तसा आहे.’’ बाई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ‘‘खरं सांगू? त्या पोरीसाठी थांबले, हे खरंच आहे. पण थोडी माझ्यासाठीही थांबले. माझी चूक एकदा तरी दुसऱ्या कुणी दाखवावी असं वाटलं हो. ती कशी विचारत होती, बघितलंत? मला खाली पाडायला नाही, तिला समजून घ्यायचं होतं म्हणून. बावीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. बावीस वर्षं तुम्हीच दाखवताय.’’

सरांना ते वर्मी लागलं. खूप काही बोलायचं होतं, माफीसुद्धा मागायची होती. पण त्याआधी, सवयीने, मेल्या सवयीने, दुसराच शब्द जिभेच्या टोकावर आला, आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले.

बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. ‘‘एकवीस?’’

‘‘मला नाही आठवत,’’ सर म्हणाले. त्यांनी डस्टर उचललं आणि फळा पुसायला घेतला. सगळा पुसला, ते तिरके वीस तेवढे ठेवले.