एर्लिंदाचा ढोल आणि आगगाडीवरची उडी

मी एक जुना ढोल आहे, पण मिरवणुकीतला नव्हे, सिनेमातला. पडद्यावर मी तुम्हाला कधीच दिसलो नाही. मात्र एकटा घोडेस्वार खिंडीत शिरताना तुमच्या छातीत जे धडधडलं, ते कित्येकदा मीच होतो.

मित्रांनो, माझा जन्म मेक्सिकोच्या सिनालोआ प्रांतातल्या एस्कुइनापा गावाजवळ झाला. नाबोर नावाच्या वादकाने गुआनाकास्ते झाडाचं खोड कोरून माझं पोट केलं, दोन्ही तोंडांवर कातडं चढवलं आणि दोऱ्यांनी मला घट्ट आवळलं. गावच्या लग्नांत, जत्रांत आणि प्रेतयात्रांतही मी वाजलो. नाबोरला मुलगा नव्हता. एर्लिंदा ही त्याची एकुलती एक लेक. माझं टिपरू तो तिच्याच हातात देई.

शेजारणी म्हणायच्या, "अरे नाबोर, पोरीला ढोल कसला शिकवतोस? नवरा कोण मिळणार हिला?"

"ताल सोडून पळणार नाही असा मिळेल," नाबोर हसून म्हणायचा.

तसाच मिळाला. क्रिसांतो घोड्यावर बसायचा तो जणू घोड्याच्या पाठीवरच जन्मल्यासारखा. मेक्सिको शहरातल्या एका स्टुडिओत त्याला काम लागलं. नायकाचे कपडे घालून छपरावरून पडायचं, जिन्यावरून गडगडायचं, धावत्या घोड्यावरून उडी मारायची. लोक टाळ्या नायकाला द्यायचे आणि खरचटायचं ते क्रिसांतोला. बाप गेल्यावर एर्लिंदा मला घेऊन नवऱ्याकडे शहरात आली. गल्लीतल्या एका लग्नात ती मला वाजवत होती. तिथे स्टुडिओचे संगीतकार किरोगा पाहुणे म्हणून आले होते. हातातलं ताट खाली ठेवून ते उठले आणि वाजवणं थांबेपर्यंत आमच्या समोर उभे राहिले. पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं स्टुडिओच्या वाद्यवृंदात होतो.

किरोगांना सगळे मास्तर म्हणत. समोर पडद्यावर अजून संगीत न भरलेला सिनेमा मुकाच चाले आणि तो बघत मास्तर आम्हाला वाजवायला लावत. पाठलागाचं दृश्य आलं की नवे वादक जोर करायचे. मास्तर लगेच हात वर करायचे. "अहो, एवढी घाई कसली? भीती एकदम घरात शिरत नाही. आधी ती अंगणात फिरते."

मग जाड तारांची वाद्यं एकच खालचा सूर धरायची. तो कानाला कळण्याआधी पोटाला कळायचा. त्यावर माझा एक ठोका पडे. बराच वेळ काही नाही, मग दुसरा. हळूहळू ठोके जवळ येत, तुतारीवाले श्वास भरून बसत, आणि समोरच्या रिकाम्या रस्त्यावर अजून काहीच घडलेलं नसे. तरी बघणाऱ्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळलेला असे. माझ्या एका कातड्यात एवढं सामर्थ्य आहे याचा मला फार अभिमान वाटे.

मग तो आगगाडीचा सिनेमा आला.

त्यात नायक दौडत्या घोड्यावरून गाडीच्या टपावर उडी घेतो. उडी अर्थातच क्रिसांतोने मारली होती. त्याचे पाय टपाच्या कडेला लागले, निसटले, आणि तो रुळांशेजारच्या खडीवर आदळला. गुडघ्याचा चुरा झाला. "आता घोडा विसरा," डॉक्टरांनी सांगितलं. सिनेमावाल्यांनी मात्र तीच उडी ठेवली, कारण तीच सगळ्यांत सुंदर होती. पाय टपाला लागताक्षणी चित्र तोडलं होतं. पुढच्या चित्रात नायक टपावर ऐटीत उभा.

पडद्यावर क्रिसांतो कधीच पडत नव्हता. पण एर्लिंदाला पुढचं ठाऊक होतं.

मास्तरांची योजना अशी होती की ठोके वाढत वाढत जावेत, घोडा गाडीला भिडावा, क्रिसांतो रिकिबीत उभा राहावा आणि तिथे सगळं एकदम थांबावं. तो हवेत असेतो एकही वाद्य वाजू नये. पाय टपाला लागले की माझा घणाघाती ठोका.

पहिल्यांदा एर्लिंदाचं टिपरू तो हवेत असतानाच माझ्यावर आपटलं. दुसऱ्यांदाही तेच. जणू लवकर ठोका दिला तर तो लवकर पलीकडे पोचणार होता.

"एर्लिंदाबाई, शांतता पूर्ण होऊ द्या," मास्तर म्हणाले.

"देते, मास्तर."

पण तिला ते जमेना. शेवटी मास्तर तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "हे दृश्य उद्या दुसऱ्या कुणाला देऊ का? तुमच्यावर राग नाही हो माझा."

एर्लिंदाने टिपरू माझ्यावर आडवं ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या हातून मी वाजणार, याचं मला वाईट वाटलं. त्याहून वाईट वाटलं ते तिच्या कोरड्या डोळ्यांचं.

आमच्यातल्या एका तुतारीवाल्याने ही गोष्ट क्रिसांतोच्या कानावर घातली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी कुबड्या टेकत तो स्वतःच आत आला.

"तू कशाला आलास?" एर्लिंदा करवादली. "जिने चढायला डॉक्टरांनी सांगितलंय का?"

"माझी उडी मलाच बघायला बंदी? सगळ्या शहराला तिकीट लावून दाखवणार, आणि मी काय घरी शेंगा सोलू?"

मास्तरांनी त्याला एर्लिंदाच्या शेजारी खुर्ची दिली. दिवे मालवले आणि चित्र सुरू झालं. क्रिसांतोने आपली उडी पहिल्यांदाच पाहिली.

"खूप आवाज होता का रे तेव्हा?" एर्लिंदाने विचारलं. इतक्या महिन्यांत तिने हे कधी विचारलं नव्हतं.

"घोड्यावर होतो तोवर होता. गाडी, वारा, टापा, सगळं. रिकीब सोडली आणि सगळं बंद. अगं, खरंच काही ऐकू आलं नाही मला. तुझं सकाळचं बोलणं तेवढं आठवलं."

"कुठलं?"

"येताना कोथिंबीर आण."

एर्लिंदाला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच ती रडू लागली. तुतारीवाले उगाच आपापल्या तुताऱ्या पुसत बसले. क्रिसांतोने तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नकोस. मी इथे खाली बसलोय. त्याला वर हवेत राहू दे जरा."

मग आम्ही वाजवलं. ठोके वाढले, तारा चढल्या, घोडा गाडीला भिडला आणि मास्तरांचा हात खाली आला. सगळं थांबलं. मित्रांनो, माझं कातडं नुकतंच वाजून तापलेलं होतं, आणि त्यावरचं टिपरू वरच्या वर थबकलं होतं. क्रिसांतो पडद्यावर तरंगत होता, खुर्चीत श्वास घेत होता. एर्लिंदा थांबली. पाय टपाला लागले, आणि तिने मला असा ठोका दिला की माझ्या पोटातलं लाकूड शहारलं.

तो सिनेमा लागला तेव्हा तुतारीवाला येऊन सांगत होता, "त्या उडीला थेटरात कुणी शेंगदाणासुद्धा चावला नाही!"

क्रिसांतो पुन्हा घोड्यावर बसला नाही. तो स्टुडिओतल्या आवाज भरायच्या खोलीत रमला. खुर्चीत बसून नारळाच्या करवंट्यांनी टापा वाजवायचा, चामड्यावर बुक्क्या मारून नायकांच्या मारामाऱ्या जिवंत करायचा. "आता मी मार देतो, खात नाही," असं सगळ्यांना सांगायचा. दोघांनी अनेक वर्षं एकाच छपराखाली काम केलं.

पुढे बटणं दाबून ढोल वाजवणारी यंत्रं आली. वाद्यवृंद आटला आणि एर्लिंदाचे सांधे धरले. मला कोठारात नेऊन ठेवलं आणि माझ्यावर रंगाचे डबे रचले. ओल धरून कातडं सैल पडलं, उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या. आतून मी ओरडत होतो, पण ज्याला वाजवणारं कुणी नाही त्याचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

स्टुडिओ मोडीत निघाला तेव्हा एर्लिंदाच्या नातीने, नायेलीने, मला शोधून घरी आणलं. आजी-आजोबा आता नाहीत. तिने नव्या दोऱ्या ओवल्या आहेत आणि आज सकाळपासून मला गच्चीवर उन्हात ठेवलं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, देवळाच्या माळ्यावर असं एखादं वाद्य पडलं असेल, तर त्याच्यावरचं ओझं आधी उतरवा. त्याला ऊन दाखवा. कातडं तापलं की हलक्या हाताने वाजवून बघा. पहिला ठोका घोगरा येईल. नाक मुरडून उठू नका. दुसऱ्या ठोक्यासाठी बसा.