परसातला झरा

"मातीच्या गोण्या दाबून बसवल्या आणि वर दगड ठेवला. आता थेंब येत नाही बघा," जावई म्हणाला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

धास्तीकाका काहीच बोलले नाहीत. परसात, बांधाच्या पायथ्याशी, ते त्या गोण्यांकडे नुसते बघत राहिले. बांधाच्या पलीकडे फुगलेली नदी होती आणि अलीकडे मुलीचं घर. नदीचं पाणी आज घराच्या उंबऱ्यापेक्षा वर होतं. मध्ये होता तो फक्त मातीचा बांध.

काकांचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते. खोलगट जमिनी सांभाळणं हा त्यांचा धंदा. उन्हाळ्यात चरांतला गाळ काढून सखल जागी पसरायचा, पावसाआधी बांधावरचं गवत कापायचं म्हणजे घुशींची बिळं दिसतात, पावसात पाण्यावर नजर ठेवायची, आणि पाणी ओसरलं की खरवडून गेलेल्या जागी माती भरून मुळं धरणारं गवत लावायचं. बाराही महिने काम आणि बाराही महिने तोंडाचा पट्टा चालू. हे ढासळेल, ते तुंबेल, इथे पाय ठेवू नका, तिथे गुरं बांधू नका. लोक हसायचे, पण काम त्यांनाच द्यायचे. मुलगी या घरात दिली तेव्हा हे परस म्हणजे निव्वळ चिखल होता. काकांनी वर्षानुवर्षं राबून ती जमीन वर आणली आणि बांध जवळजवळ नव्याने रचला. पोटची पोर त्या बांधाच्या आड झोपते म्हटल्यावर ते कामात कसूर करतील कशी?

"गोण्या टाकायच्या आधी पाणी कसं होतं?" काकांनी हळूच विचारलं.

"एकदम स्वच्छ. पिऊन घ्यावं असं. तुम्हीच सांगता ना बाबा, भोक दिसलं की बुजवा."

सांगत तर होतेच. पण ते नदीच्या अंगाच्या बिळांबद्दल. आतल्या अंगाला झरा फुटला तर तो बुजवायचा नसतो. त्याच्याभोवती गोण्यांचं कडं करायचं आणि पाण्याला वाहू द्यायचं. पाणी नितळ आहे तोवर बांध शाबूत असतो. ऊठसूट धास्ती घालणाऱ्या या माणसाकडून नेमकं हेच सांगायचं राहून गेलं होतं.

काका चार पावलं पुढे गेले. पायाखालची जमीन दुधावरच्या सायीसारखी हलली. कपडे धुवायच्या दगडाजवळ एक नवी धार वर येत होती. करंगळीएवढीच, पण चहाच्या रंगाची. कोंडलेल्या पाण्याने दुसरी वाट काढली होती आणि ते बांधाला आतून पोखरत त्याचीच माती बाहेर आणत होतं.

काका आयुष्यात इतके कधी भ्याले नव्हते. ओरडावंसं वाटलं, पण त्यांच्या ओरडण्याला या घरात कोण भीक घालतं? आधी सगळे हसणार, मग समजूत काढणार, आणि तेवढ्यात वेळ निघून जाणार.

ते स्वयंपाकघराच्या दारात आले. विहीणबाई स्टुलावर बसून भाजी निवडत होत्या.

"या व्याही. आज काय बुडणार आहे?"

"काही नाही. तुमच्या चपला कुठे आहेत?"

"चपला? अहो, चहा टाकलाय तुमच्यासाठी."

"चहा राहू दे. जरा वर रस्त्यापर्यंत जाऊन येऊ."

"या गुडघ्यांनी? आणि रस्त्यावर असं काय ठेवलंय?" विहीणबाई हसू लागल्या.

मुलगी ओट्यापाशी उभी होती. तिने वळून बापाकडे पाहिलं. मग गॅस बंद केला.

"आई, उठा."

"अगं, यांचं रोजचंच आहे," जावई मागून म्हणाला. "बाबा कधी घाबरलेले नसतात?"

"बाबा बडबडत असले ना, की सगळं ठीक असतं," ती म्हणाली. "आज बोलत नाहीयेत. तुम्ही आईंना उचला."

जावयाने सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने आईला पाठुंगळी घेतलं. मुलीने जाता जाता गाईचं दावं सोडलं. रस्त्याकडे जाणारी पायवाट बांधाला धरूनच होती, दुसरी वाटच नव्हती. डाव्या हाताला बांध, उजव्या हाताला चर, आणि चरातून आता मातकट पाणी वाहत होतं. ते बघून विहीणबाईंनी मुलाच्या गळ्याभोवतीचे हात घट्ट केले. काका सगळ्यांच्या मागून चालत होते. धावा म्हणावं, तर मातीला हादरे बसणार. हळू म्हणावं, तर धीर धरवत नव्हता. लेकीच्या पाठीवरून त्यांनी नजर हलवली नाही.

ते चढाला लागले आणि मागे आवाज झाला. मोठा नव्हता, ओली भिंत खचावी तेवढाच. बांधाचा मधला भाग खाली बसला आणि नदी आत शिरली. परस गेलं, गोठा गेला, बघता बघता पाणी स्वयंपाकघराच्या खिडकीला लागलं. मुलीने तोंडावर पदर दाबला.

रस्त्यावर शेजारी जमले. सगळ्यांच्या जमिनी खोलगट आणि सगळ्यांचे बांध काकांच्या हातचे. "काकांचा बांध फुटला," कोणीतरी म्हणालं. मग सगळे आपापल्या बांधांकडे बघू लागले.

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला होता. आई अजून त्याच्या पाठीवरच होती.

"बाबा," त्याने खालच्या आवाजात विचारलं, "माझ्या गोण्यांमुळे झालं का?"

काकांना तो बांध हातन् हात पाठ होता. चिकणमाती कुठून आणली, कोणता थर कोणत्या उन्हाळ्यात ठोकून बसवला, सगळं. आयुष्यात त्यांनी त्याहून पक्कं काही केलं नव्हतं. आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांनी उद्या त्यांना काम द्यायचं की नाही, हे त्या बांधावरच ठरणार होतं.

"नाही," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बांध माझाच कच्चा राहिला."

शेजाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. मुलगी बापाला पुरती ओळखून होती. तिच्या दारचा बांध हा माणूस कच्चा ठेवणं शक्य नव्हतं. ती चालत आली आणि बापाच्या आणि त्या लोकांच्या मध्ये उभी राहिली.