अस्सल मोतीबिंदू

मास्तरांच्या हातून पहिला वाकडा शर्ट गेला तो एका मंगळवारी, आणि तोही नव्या गिऱ्हाइकाचा. ज्या माणसाच्या टिपेला चाळीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नाही, त्याने कॉलर अशी बसवली होती की डावं टोक छताकडे आणि उजवं टोक खिशाकडे. डोळ्यांना ते दिसलं नाही, बोटांना कळलं. पण तोवर ती मुलगी शर्ट घालून आरशासमोर उभी होती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माफ करा हं," ते चाचरत म्हणाले. "मोतीबिंदू आहे."

आता कुणालाही वाटेल की पोरगी चिडेल, निदान हळहळेल तरी. छे! ती शिकली होती अशा शाळेत, जिथे माणसाच्या डोळ्यात फक्त कॅटरॅक्ट होतो. मोतीबिंदू हा शब्द तिने जन्मात पहिल्यांदा ऐकला. "मोतीबिंदू!" ती हरखून म्हणाली. "किती सुंदर नाव! जुनी शिलाई आहे का ही?"

"जुनी म्हणजे, दोन वर्षं झाली," मास्तर म्हणाले. "उजव्याला जास्त आहे. डाव्याला जरा कमी."

मुलीने आधी उजवी बाही पाहिली, मग डावी. म्हातारा अगदी खरं बोलत होता.

तिने लगेच फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'मोतीबिंदू: यंत्रांच्या जगातली एक मानवी थरथर.' या बाईच्या मागे फोनवर किती माणसं चालत होती देव जाणे, पण शनिवारी दुकानाबाहेर रांग लागली. रांगेतल्या प्रत्येकाला वाकडं काहीतरी हवं होतं. एकाने तर सरळ शिवलेली पँट आणली आणि ती बिघडवून मागितली.

तसा त्या रस्त्यालाच कसला तरी वारा लागला होता. समोरच्या चहावाल्याने चहा करणं सोडून दिलं होतं. तो आता एका फळीवर पत्ती, दूध, साखर आणि गरम पाणी वेगवेगळं मांडून द्यायचा आणि वर सांगायचा, "तुमचा चहा तुमच्या हातांनी अनुभवा." आयत्या चहाच्या तिप्पट पैसे मोजून लोक तो अनुभवायचे. शेजारच्या दुकानात रिकाम्या बरण्या मिळायच्या, नुसत्या रिकाम्या, आणि त्याही आठवडाभर आधी सांगून ठेवाव्या लागायच्या. पलीकडची प्रवासी कंपनी झोपायच्या सहली काढायची: विमानाने जायचं, झोपायचं, उठून परत यायचं. सगळे एवढे शहाणे झालेले असताना मास्तरांनीच काय घोडं मारलं होतं?

सूनबाई हुशार होती. तिने आठ दिवसांत दुकानाचा पांढरा रंग खरवडून आतल्या विटा उघड्या केल्या आणि प्रत्येक शर्टाला चिठ्ठी लावली, 'अस्सल मोतीबिंदू'. त्यातही डावा वेगळा, उजवा वेगळा आणि दोन्ही डोळ्यांचा तो सगळ्यात महाग. मोतीबिंदू म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? ठाऊक असणाऱ्या एका आजोबांनी रांगेत उभं राहून लोकांना ते सांगूनही पाहिलं. लोक म्हणाले, "हो, पण इथे तो वेगळ्या अर्थाने आहे." आजोबा बिचारे हात जोडून घरी गेले.

मग प्रवासी कंपनीने बस भरून माणसं आणायला सुरुवात केली. ती पंधरा-वीस जणं चपला काढून मास्तरांसमोर बसायची आणि श्वास रोखून बघत राहायची. सुई ओवायला मास्तरांना दहा मिनिटं लागायची. दोरा नाकाशी जायचा, कानाशी जायचा, सुईत काही जायचा नाही. शेवटी एकदाचा गेला की प्रेक्षकांतल्या दोघीतिघी डोळे पुसायच्या. एकदा टीप मारताना सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली, ते "आई गं!" म्हणून ओरडले, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांना इतका संताप आला की हातातली कात्री फेकून मारावीशी वाटली. पण कुणाला मारणार? समोर सगळा धुरळाच दिसत होता.

त्यांना हवं होतं ते एवढंच: ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी तपासून तारीख दिली होती, अर्ध्या तासाचं काम म्हणाल्या होत्या. मास्तरांना मरायच्या आधी आपल्या हातची एक सरळ टीप आपल्या डोळ्यांनी बघायची होती. ते रोज संध्याकाळी बायकोला तसं बोलूनही दाखवायचे.

पण पहिली तारीख गेली, कारण बस येणार होती. दुसरी गेली, कारण मुलगा म्हणाला, "बाबा, एवढा हंगाम होऊ द्या." तिसऱ्या तारखेला तर कुणी कारणही सांगितलं नाही.

"अहो, तुम्ही स्वतः विचारा की," बायको म्हणाली. "तुमचे डोळे गेलेत, तोंड नाही गेलेलं."

तिने दवाखान्याचा नंबर लावून दिला. पलीकडची नर्स म्हणाली, "आजोबा, तुमच्या सूनबाईंनी तिन्ही वेळा फोन करून तारीख रद्द केली. तुम्ही फार घाबरता म्हणाल्या."

मास्तरांनी फोन खाली ठेवला. घाबरतो? ज्याने मापं न लिहिता नुसत्या आठवणीवर सबंध बँडपथकाचे कोट शिवले, तो घाबरतो? त्यांना राग आला होता, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. ज्या पोराला त्यांनी अंगावरच्या कपड्यांत कधी एक सुरकुती पडू दिली नाही, त्या पोराला बापाचे डोळे गेलेले परवडत होते.

रात्री जेवताना त्यांनी ताटात बघतच विचारलं, "माझी तारीख कुणी रद्द केली?"

सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही समजून घ्या ना. तुमचे डोळे म्हणजे आपला ब्रँड आहे."

"दोन्ही एकदम कशाला?" मुलाने तडजोड काढली. "एक घरासाठी करू. एक दुकानासाठी राहू दे."

मास्तरीणबाईंनी वाढायचा चमचा भांड्यात आपटला. "उद्या सकाळी सात वाजता मी यांना घेऊन चाललेय," त्या म्हणाल्या. "ज्याला आडवं यायचंय त्याने आजच येऊन घ्यावं."

कुणी आडवं आलं नाही. आधी उजवा झाला, महिन्याने डावा; तोवर मास्तरीणबाईंनी त्यांना दुकानाची पायरी चढू दिली नाही. दुसरी पट्टी निघाली त्या दिवशी मास्तरांनी आधी दोन्ही डोळ्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांखाली काळं पडलेलं पाहून त्यांना रडू आलं. मग ते तडक दुकानात गेले आणि त्यांना पुन्हा रडू आलं. दांडीवर त्यांचेच शर्ट टांगले होते. एकाची बाही कोपराशी संपत होती. एकाची काजं आणि बटणं यांचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं. एकाला तर दोन खिसे होते आणि दोन्ही पाठीवर. हे आपण शिवलं? हे घालून लोक चारचौघांत गेले? आणि त्यांना कुणी अडवलं नाही?

त्यांनी दार आतून लावलं आणि सगळे शर्ट उसवून काढले. दुपारपर्यंत त्यातले चार पुन्हा शिवून झाले. टीप अशी सरळ की बघत राहावं. मास्तर खरोखरच बघत राहिले.

बस आली ती साडेतीनला. माणसं चपला काढून बसली. मास्तरांनी एका झटक्यात सुईत दोरा ओवला, तशी मागून कुणीतरी नाराजीने "अरेरे" म्हणालं. त्यांनी बाही जोडली. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"यात यांचं असं काही दिसतच नाही," एक बाई म्हणाल्या. "असे शर्ट तर दुकानात मिळतात."

"हेही दुकानच आहे," मास्तर म्हणाले.

सूनबाई धावत पुढे आली, हसली, आणि त्यांच्या कानाशी कुजबुजली, "बाबा, पाच मिनिटं डोळे मिटून शिवा ना. एवढी बस जाऊ दे."

"डोळे मिटायचं काम गिऱ्हाइकाचं," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ते त्यांनी पुष्कळ केलं. आता उठा."

बस गेली ती गेलीच. फोनवर बातमी फिरली की मास्तर विकले गेले, बाजारू झाले, सरळ झाले. आठवडाभरात रांग बरण्यांच्या दुकानाकडे वळली. पण मुलगा आणि सूनबाई काय हातावर हात धरून बसणार होते? त्यांनी दुकानाच्या दारावर पाटी लावली: 'अनुभवी शिंपी पाहिजे. मोतीबिंदू असल्यास प्राधान्य. ऑपरेशन झालेल्यांनी येऊ नये.'

मास्तरांनी ती पाटी चष्म्याशिवाय वाचली. ते ती काढणार, तेवढ्यात एक म्हातारा भिंत चाचपत दारात आला. मास्तरांनी त्याला हातांवरून ओळखलं. हा काजबहाद्दर! तरुणपणी दोघं एकाच कारखान्यात कामाला होते. याच्यासारखी काजं पंचक्रोशीत कुणाची नव्हती.

"कोण आहे का?" काजबहाद्दरने विचारलं. "माझ्या नातीने पाटी वाचून दाखवली. मला दोन्हीकडे आहे, पिकलेला. सात वर्षं कुणी काम दिलं नाही हो. म्हटलं, आपण हवे आहोत असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणतंय."

त्याचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. आतून मुलगा आणि सूनबाई लगबगीने बाहेर आली. "या ना, या," सूनबाई म्हणाली. "बसा. पाणी देऊ?"

मास्तरांनी पुढे होऊन काजबहाद्दरचा हात धरला. "बसायचं नाही. चल माझ्याबरोबर."

"अरे, हा आवाज तर तुझा! तुझं दुकान हे? कुठे चल?"

"डॉक्टरीणबाईंकडे. अर्ध्या तासाचं काम आहे. दुखत नाही."

काजबहाद्दरने हात सोडवून घेतला. "वेडा की काय! डोळे बरे झाले तर मला ही नोकरी कोण देईल?"

"मी देईन. काजं करायला माणूस हवाय मला."

"गिऱ्हाईक आहे?"

मास्तरांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. त्यांना आता लांबपर्यंतचं दिसत होतं, तिथे चिटपाखरू नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "एकही नाही."

काजबहाद्दर दारात उभा राहिला. सूनबाईने पुढे सरकवलेली खुर्ची त्याच्या गुडघ्याला लागली, ती त्याने हाताने चाचपून पाहिली. मग त्याने मास्तरांच्या शर्टाची कड पकडली, अंगठा बटणपट्टीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला आणि मध्येच थांबवला.

"ही काजं कुणी केलीत रे? अगदीच ओबडधोबड आहेत."

"मीच. मला काजं कधी जमली होती?"

"हे असलं घालून फिरतोस चारचौघांत?" काजबहाद्दर म्हणाला आणि त्याने पुन्हा मास्तरांचा हात धरला. "चल, कुठे आहे तुझी ती डॉक्टरीण?"