आतून कडी लागली की

मी एक जुना पत्र्याचा दरवाजा आहे, मित्रांनो. ओझरच्या एका वेल्डरने मला घडवले आणि दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये बायकांच्या संडासाला बसवले. दिवसभर उभ्याने घड निवडणाऱ्या बाया माझ्याआड निर्धास्त होत. "कडी पक्की आहे हो," असे कोणी म्हटले की मला बरे वाटे.

यंदा नाझिया कामाला आली. जन्मल्यावर घरच्यांनी तिला मुलगा म्हटले होते. ती मात्र बाई होती, बाई म्हणूनच जगत होती. सुरुवातीला ती सगळ्यांसारखी आली-गेली. मग कुजबुज सुरू झाली. सुपरवायझर मनोजने मला बाहेरून कुलूप घातले आणि किल्ली घड निवडणाऱ्यांतल्या जुन्या कुसाबाईंकडे दिली.

"तिला द्यायची नाही," एवढेच तो बोलला.

पुरुषांच्या बाजूला नाझिया एकदाच गेली. तिथले हसणे मला इथवर ऐकू आले. त्यानंतर तिने पाणी पिणेच सोडले. भर उन्हाळ्यात तिला लघवीला जळजळ सुरू झाली, अंगात ताप भरला.

एका दुपारी ती पोट धरून माझ्यासमोर आली. मनोज आडवा उभा राहिला.

"इथं नाही. बाकीच्या बायकांना चालत नाही."

"बाई म्हणून जगायचा हक्क मला कायद्यानं दिलाय, सर," नाझिया म्हणाली. "तुम्हाला मला अडवता येत नाही."

"कायदा कोर्टात. इथं मी सांगतो ते."

कुसाबाई संडासाच्या रांगेतून पुढे आल्या. कुजबुजणाऱ्यांत त्याही होत्या.

"सरक, मनोज. पोरीला ताप हाय. मला चालतंय. बाकीच्यांना इचार, कोणाला चालत नाय ते."

रांगेतल्या बाया वाट देऊन बाजूला सरल्या. कुसाबाईंनी कुलूप उघडले.

नाझिया आत आली. तिने कडी लावली. बाहेरून मनोजची थाप पडली आणि मी मुळापासून हादरलो. दुसरी थाप पडली नाही. कुसाबाई मला पाठ लावून उभ्या राहिल्या होत्या.

संध्याकाळी मालकांनी मनोज आणि नाझिया दोघांचेही ऐकले, वकिलाला फोन लावून कायदा विचारला आणि कुलूप काढायला सांगितले. नाझियाने औषध घेतले, ती बरी झाली. पण अजूनही आत येण्याआधी ती मागे वळून बघते. मनोज तोंड फिरवतो.

मित्रांनो, माझा रंग उडाला तरी चालेल. बिजागरीला तेल घालायचे राहिले, तर थोडा कुरकुरेन. पण आतून कडी लागलेली असेल, तर थाप मारू नका. जरा थांबा. आत जी कोणी आहे, ती तिच्या वेळेने बाहेर येईल.