विनीचा आवाज

विनी पेंगेलीचा जन्म जपानमधल्या कोबे शहरातला. वडील मिशनरी, सांभाळणारी बाई जपानी, त्यामुळे इंग्रजीच्या आधी जपानीच तिच्या जिभेवर बसली. पुढे ऑस्ट्रेलियात तिला त्या भाषेचा काडीचा उपयोग झाला नाही. युद्ध पेटलं आणि लष्कराने मात्र तिला शोधून काढलं. गुप्ततेची शपथ घालून ब्रिस्बेनमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ध्वनिमुद्रकापुढे बसवलं.

"शस्त्रं खाली ठेवा. हात वर करून या. भात मिळेल, औषध मिळेल. तुम्हाला कुणी मारणार नाही."

तिच्या बोलण्याच्या तबकड्या विमानाने न्यू गिनीला जात. तिथल्या जंगलात, जपानी खंदकांसमोर, झाडांना बांधलेल्या कर्ण्यांतून तिचा आवाज घुमे. शेडमध्ये ऐन उन्हाळ्यातही पंखा बंद ठेवावा लागे, कारण तबकडीवर त्याची घरघर उतरायची. दोन वर्षं तीच वाक्यं बोलून विनीचा घसाच नव्हे, मनसुद्धा खरवडून निघालं होतं.

घरी वहिनी होती, डोरीन. विनीचा भाऊ क्लाइव्ह सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत गेला होता. डोरीन काडतुसांच्या कारखान्यात राबायची. विनी कुठल्याशा कचेरीत टंकलेखन करते, एवढंच तिला ठाऊक.

"बाईसाहेब, दिवसभर पंख्याखाली बसून टकटक करता आणि तोंड असं, जशा खाणीतून वर आलात!" डोरीन बटाटे सोलता सोलता म्हणाली.

"पंखा बंद असतो गं."

"हो, आणि माझ्या कारखान्यात बर्फ पडतो!" मग सुरी थांबवून ती म्हणाली, "एक जपानी जिवंत सोडू नये. एकसुद्धा."

विनीने सोललेले बटाटे पाण्यात टाकले.

त्या आठवड्यात तिचे वरिष्ठ, कॅप्टन रॅट्रे, तिला शहराबाहेरच्या छावणीत घेऊन गेले. कर्ण्याचा आवाज ऐकून शरण आलेला एक कैदी होता, त्याच्याशी बोलायचं होतं. ओकुमुरा नाव. पूर्वी शाळामास्तर होता. हिवतापाने पिवळा पडलेला, एक हात गळ्यात बांधलेला. विनीने जपानीत नमस्कार करताच त्याने मान वर केली.

"म्हणजे तुम्हीच त्या! 'औषध' हा शब्द तुम्ही अगदी कोबेच्या पोरीसारखा म्हणता. आम्ही खंदकात हसायचो."

विनीलाही हसू फुटलं. कित्येक दिवसांनी ती हसली होती.

"एकटेच आलात?"

"तिघं निघालो होतो. हात वर करून. तुम्ही सांगितलं होतं तसेच." त्याने गळ्यातला हात सावरला. "दोघं तिथंच पडले. माझ्या दंडात गोळी लागली."

त्याने तक्रार केली नाही. काल पाऊस झाला, असं सांगावं तसं सांगितलं. विनीला तेच सोसेना.

परतताना जीपमध्ये ती म्हणाली, "'तुम्हाला कुणी मारणार नाही' हे वाक्य मी यापुढे बोलणार नाही."

"मिस पेंगेली, आपली पोरं महिनोन्‌महिने चिखलात सडताहेत. भेदरलेली असतात. चुकून गोळी सुटते."

"चुकून सुटली असेल, नाहीतर मुद्दाम. पण त्यांना बाहेर बोलावलं मी."

"मग काय, काम सोडणार?"

"नाही. जिथे माझा आवाज लावाल, तिथल्या आपल्या पोरांना आधी सांगा, की आज माणसं येणार आहेत, बंदुका खाली ठेवा. मेलेला माणूस खंदकांचा नकाशा काढून देत नाही, कॅप्टन. वरच्यांना एवढं तरी पटेल."

"दयेचं बोलला असतात तर मी कानाआड केलं असतं," कॅप्टन म्हणाले. "नकाशाचं बघतो."

वरून होकार यायला बरेच दिवस लागले. तोवर विनी तबकडीला बसली नाही. कॅप्टननी ती आजारी असल्याचं वर कळवलं, आणि ते काही सगळंच खोटं नव्हतं. ती घरी पडून राहायची. डोरीन कामावर जाताना शिव्या घालत तिच्या उशाशी चहा ठेवून जायची.

अखेर त्या टापूतल्या तुकडीला हुकूम गेला. विनीने नवी तबकडी केली. या खेपेला भाताचं, औषधाचं नाव नव्हतं, 'कुणी मारणार नाही' हेही नव्हतं. ओढ्याच्या कुठल्या काठाला यायचं आणि केव्हा, तेवढंच.

पहिल्यांदा चौघं आले, चौघंही जगले. पुढच्या खेपेला सहा आले, त्यातला एक गोळी लागून मेला. कॅप्टननी दोन्ही बातम्या तिला एकाच सुरात सांगितल्या.

"पुढची तबकडी करायची ना?" त्यांनी विचारलं.

विनीने पाण्याचे दोन घोट घेतले, घसा खाकरला आणि पंखा बंद करायला उठली.