बिनआवाजाचा कॅमेरा

ग्रिफिथ गावात लग्न असो, पोरांचा क्रिकेटचा संघ असो, फोटो बोर्तोलिनांकडूनच काढून घ्यायचा, हा शिरस्ता आहे. आधी सिल्वानो बोर्तोलिन काढायचा, आता त्याची मुलगी लोरेदाना काढते. पण म्हणून म्हातारा घरी बसला असं कुणी समजू नये. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तरी तो रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओतल्या खुर्चीत येऊन बसतो आणि लेकीच्या कॅमेऱ्याचा खटका ऐकतो. "लोरे, शटर हळू पडलं. ते पोरगं हललं बघ, पुन्हा घे," असं म्हणतो, आणि बघावं तर खरंच पोराच्या नाकाच्या जागी धुकं असतं. गिऱ्हाइकांना याची मोठी गंमत वाटते. लोरेदानाला दर वेळी वाटतेच असं नाही, पण ती मुकाट्याने पुन्हा घेते.

आणि या खटक्यानेच घोळ केला. एका लग्नात वधूवर शपथा घेत असताना फादर किओ मध्येच थांबले आणि म्हणाले, "लोरेदाना, जरा देवालाही ऐकू जाऊ दे." अख्खं चर्च हसलं. लोरेदानाही तोंडदेखलं हसली, पण आतून चरफडली. त्यानंतर लागोपाठ दोन लग्नं शेजारच्या लीटन गावच्या एका पोरगेल्या फोटोग्राफरकडे गेली. त्याचा कॅमेरा आवाज करत नव्हता. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात तो हा.

तेवढ्यात नवा कॅमेरा बाजारात आला. वागा शहरातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानातला डूगल शुक्रवारी खोकं घेऊन स्वतःच हजर झाला.

"सोमवारपर्यंत वापरून बघ," तो म्हणाला. "आवडला तर ठेव आणि बदल्यात तुझा जुना दे. आत्ता त्याला किंमत आहे. पुढच्या महिन्यात त्याला कुत्रंही विचारणार नाही."

डूगल गेल्यावर तिने वडलांना खिडकीपाशी बसवलं. कॅमेरा हातात चपखल बसत होता. म्हाताऱ्याच्या मिटल्या पापणीवरचा एकेक केस त्याने टिपला. लोरेदाना हरखूनच गेली.

"घे की आता," सिल्वानो म्हणाला. "मान अवघडली माझी."

"घेतले, पप्पा."

"कधी?"

"आत्ताच. पंधरावीस झाले."

तो उठला आणि भिंत चाचपत मागच्या खोलीत गेला. तिथे कॉफीचं भांडं चढवल्याचा आवाज आला. रोज तो दोघांची कॉफी करतो. त्या दिवशी एकच कप घेऊन आला आणि एकटाच पीत बसला.

नवा कॅमेरा नाही घेतला तर चर्चमधली कामं हातची जाणार, हे लोरेदानाला दिसत होतं. आणि घेतला तर म्हाताऱ्याने सकाळी उठून दाढी तरी कशासाठी करायची? आई गेल्यापासून त्याला अंथरुणातून उठवणारं दुसरं काही उरलं नव्हतं. हे तिला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं.

जेवणानंतर माहितीपुस्तक चाळताना तिला दिसलं की नव्या कॅमेऱ्यात आवाज चालू करायची सोय आहे. आवाज खोटा होता, पण तिचा जीव भांड्यात पडला.

शनिवारी क्रिकेटच्या मैदानावर संघाचा फोटो होता. दर फोटोला खटका वाजत होता. सिल्वानो घडीच्या खुर्चीत बसून ऐकत होता. "बरा आहे की," म्हणाला. लोरेदाना घरी गुणगुणतच आली.

दुपारी स्टुडिओत एका तान्ह्या मुलीचे फोटो होते. खिडकीचा मंद उजेड, त्यामुळे शटर हळू. गिऱ्हाईक गेल्यावर सिल्वानोने विचारलं, "मैदानावर शटर किती होतं?"

"सेकंदाचा हजारावा हिस्सा."

"आणि आत्ता?"

"साठावा."

"मग आवाज एकच कसा?"

ती कॅमेऱ्याची भिंग पुसायला लागली.

"लोरे, मी आंधळा झालोय, बहिरा नाही. बंद कर ते. रडक्या पोराला खुळखुळा देतात तसा मला देऊ नकोस."

"मग मी करू तरी काय?" तिचा आवाज चढला. "तुम्हीच सांगा. लीटनच्या त्या पोराला दुकानाची किल्ली देऊ?"

"नवा घे. मी बसतो घरी."

"असलं बोलू नका, पप्पा."

"घे म्हणतोय ना," तो म्हणाला आणि काठी शोधायला लागला.

रविवारी झांदोना कुटुंबात लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. सिल्वानो येत नाही म्हणून अडून बसला, तर आन्येझे झांदोनाने स्वतः फोन केला. "माझ्या लग्नाचा फोटो तू काढलास आणि आज तोंड लपवतोस होय रे? मुकाट्याने ये." तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. म्हातारा आला.

द्राक्षमळ्यातल्या मोठ्या शेडमध्ये टेबलं मांडली होती, वर आढ्याला वाळवलेल्या मांसाच्या सलामी-सॉसेजच्या माळा टांगलेल्या. लोरेदानाने वडलांना आपल्या शेजारी बसवलं आणि जुन्या कॅमेऱ्याची पिशवी त्यांच्या मांडीवर दिली. एक बंद पडला तर दुसरा हाताशी असावा, ही सवय त्यांचीच.

सगळं कुटुंब उभं राहिलं. मधोमध आन्येझे आणि तिचा नवरा दुइलिओ, भोवती मुलं, सुना, नातवंडं. लोरेदाना फोटो घेत सुटली. शेडमध्ये चिडीचूप. माणसं ताठ उभी राहून वाट बघत होती.

"झाला का गं?" दुइलिओने ओठ न हलवता विचारलं.

"झालेत, पण तसेच राहा."

"कधी झाले? मी तर अजून पोट आत ओढूनच उभा आहे."

ती घेत राहिली. एकूण एक चेहरा ताणलेला. एक नातू रडायला लागला. एवढा महागाचा कॅमेरा, आणि फोटो बघावेत तर पोलीस ठाण्यात काढल्यासारखे. लोरेदानाला घाम फुटला.

तेवढ्यात शेजारी खटाक असा आवाज झाला.

सिल्वानोने मांडीवरच्या पिशवीतून जुना कॅमेरा काढून समोरच्या दुइलिओच्या आवाजाच्या रोखाने बटण दाबलं होतं. त्यासरशी शेडभर सुस्कारा सुटला. दुइलिओचं पोट बाहेर आलं, आन्येझेने त्यावर चापट मारली आणि हसता हसता त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. रडका नातू टकामका बघायला लागला. लोरेदानाचं बोट बटणावरच होतं.

"झाला म्हणून कुणीतरी सांगायला नको का त्यांना?" म्हातारा पुटपुटला. "खटका पडेपर्यंत माणूस श्वास सोडत नाही. मग सोडतो."

लोरेदानाने नुकतेच घेतलेले फोटो बघितले. तिचे डोळे भरून आले, पण हातात काम होतं.

"पप्पा, आता सगळ्या सुना उभ्या राहतील," ती म्हणाली. "मी म्हटलं की दाबा."

"तू कशाला म्हणायला हवं? कुजबुज थांबली की मी दाबतो."

सोमवारी डूगलचा फोन आला. लोरेदानाने नवा कॅमेरा ठेवते म्हणून सांगितलं.

"मग जुना पाठव."

"तो द्यायचा नाही. नव्याची पूर्ण किंमत लाव."

"अगं, त्या डबड्याचं करणार काय तू?"

"पप्पांना लागतो."

फोन ठेवून ती वळली. म्हातारा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला होता. मांडीवर जुना कॅमेरा. बोटांनी त्याच्या कडेचं झाकण उघडून आतली खाच चाचपत होता.

"लोरे, काल यात कार्ड होतं का?"

ते तिने शुक्रवारीच काढून नव्या कॅमेऱ्यात घातलं होतं.

"नव्हतं, पप्पा."

"वाटलंच. घाल. खोटा खटका मी वाजवणार नाही."

लोरेदानाने खणातून नवं कार्ड काढलं, वडलांच्या तळहातावर ठेवलं आणि खाच कुठे आहे हे त्यांना न सांगता उभी राहिली. त्यांनी ते पहिल्याच खेपेला बसवलं, झाकण लावलं आणि विचारलं, "पहिलं गिऱ्हाईक कोण आहे?"